कंड जिरेपर्यंत

चिरंजीव होस्टेलवरून सुट्टीला आले ते मळके कपडे, एक गिटार आणि खरूज घेऊन. जाताना कपडे आणि गिटार आठवणीने नेलं. महिनाभरात आई, मी आणि ही, तिघंही दिवा मालवला की कराकरा खाजवू लागलो. खरजेचा किडा अंगात पहिल्यांदाच शिरतो तेव्हा चार ते सहा आठवडे शरीराला त्याचा पत्ताच नसतो. ओळख पटते तेव्हा खाज सुटते. बऱ्याच लग्नांतही असंच होतं, पण ते असो.

स्किनच्या डॉक्टरांनी पाच टक्के पर्मेथ्रिन लिहून दिलं. मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, बेंबीत, नखांखाली. रात्री लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. इथवर ठणठणीत बोलणाऱ्या डॉक्टरांनी मग चष्मा पुसायला घेतला. भिंतीवरच्या गणपतीकडे बघत म्हणाले, "आणि तोवर तुम्ही दोघं... म्हणजे... जरा वेगवेगळं..."

"ताटं का?" हिने भोळेपणाने विचारलं.

डॉक्टरांचे कान लाल झाले. ज्या माणसाचा अख्खा दिवस लोकांच्या जांघा तपासण्यात जातो, त्याला एवढं एक वाक्य पुरं करता येऊ नये?

खरी गंमत मलमाच्या रात्री झाली. जवळ यायचं नाही म्हणावं, तर पाठीला स्वतःचा हात पोचत नाही. तेव्हा पथ्य पाळून दोघंही खोलीचं दार लावून एकमेकांना मलम चोळत बसलो. "हा तीळ कधीपासून?" मी विचारलं. "लग्नाच्या आधीपासून," ती म्हणाली आणि ट्यूब जरा जोरातच दाबली.

दिवसा चादरी उकळणं चाले. मी कुठेतरी केनेथ मेलनबी या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाबद्दल वाचलं होतं. दुसऱ्या महायुद्धात शेफील्डला त्याने युद्धाला नकार देणाऱ्या तरुणांवर प्रयोग केले. खरूज झालेल्या सैनिकांची न धुतलेली अंतर्वस्त्रं त्यांना घालायला दिली, त्यांच्या घोंगड्यांत झोपवलं. तरी लागण फारशी होईना. किड्याला हवा असतो कातडीला कातडीचा निवांत सहवास. ही विद्वत्ता मी पाजळली आणि म्हटलं, चादरी कशाला उकळतेस?

"बरं. चादर सुटली निर्दोष. मग आता उकळू कुणाला?"

दुसरी खेप झाली, नखं कापून झाली. डॉक्टर गणपतीलाच म्हणाले, "आता हरकत नाही." मात्र किडे मेले तरी त्यांची मढी कातडीतच राहतात आणि खाज आणखी दोन ते चार आठवडे रेंगाळू शकते, हेही त्यांनी सांगितलं. म्हणजे परवानगी मिळाली, पण खात्री कशी पटायची? मेलेला किडा आणि जिवंत किडा खाजतो अगदी सारखाच.

त्या रात्री मी हात पुढे केला.

"थांबा. खाजतंय."

"मेलेल्याची की जिवंताची?"

"मला काय विचारता? त्यालाच विचारा."

"कुठे खाजतंय पण?"

"नाही सांगणार. तुम्हालाही सुटेल."

सुटलीच. दोघं उठून बसलो, समोरासमोर, कराकरा. मग तिला हसू फुटलं, मला फुटलं, पलंग करकरला आणि भिंतीपलीकडून आईचा आवाज आला, "अरे, अजून मलमच लावताय का?"

"हो आई," ही तोंडात पदर कोंबून म्हणाली, "पाठ राहिली होती!"