आजीचं भूत नातीला

विज्ञानकथेत भुताला प्रवेश नसतो, असा अनेकांचा गैरसमज आहे. प्रवेश असतो, फक्त दारात नाव बदलून घ्यावं लागतं. भुताला न कळणारं एखादं विशेषण चिकटवा, पुढे 'ऊर्जा' लावा, की ते बिनधास्त अंतराळयानात फिरतं. खातरजमा करायची असेल तर 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'च्या सातव्या पर्वातला 'सब रोझा' हा भाग पाहावा. अमेरिकेत तो जानेवारी १९९४ मध्ये दाखवला गेला आणि चाहते त्याच्या नावाने अजून कपाळावर हात मारतात.

पात्रांची गर्दी असलेल्या मालिकेत एकेकाचा नंबर लागतो. डेटा या यंत्रमानवाचा लागला तेव्हा ('द मेझर ऑफ अ मॅन', १९८९) खटलाच उभा राहिला : हा कुणीतरी आहे, की स्टारफ्लीट या अंतराळदलाची मालमत्ता? कॅप्टन पिकार्डचा लागला ('द इनर लाइट', १९९२) तेव्हा तो पंचवीस मिनिटांच्या बेशुद्धीत नामशेष झालेल्या एका ग्रहावर अख्खं आयुष्य जगून आला, वर बासरीही शिकला. मग डॉ. बेव्हर्ली क्रशर यांचा नंबर लागला आणि लेखकांना त्यांची आजी आठवली. तीही वारलेली.

ही आजी, फेलिसा हॉवर्ड, कॅल्डॉस ग्रहावर राहायची. ग्रह म्हणजे हुबेहूब स्कॉटलंड. बांधकामाचे दगडसुद्धा तिकडून नेलेले. चोविसाव्या शतकात माणसाने तिथलं हवामान मुठीत घेतलं आहे, आणि मुठीत घेऊन काय केलं, तर धुकं पाडलं. ते इतकं उत्साही की थेट एंटरप्राइझ या मालिकेतल्या जहाजाच्या नियंत्रणकक्षात येऊन जमिनीलगत लोळतं. आजीला मूठमाती दिल्यावर नात तिची रोजनिशी चाळते. शंभरीच्या घरातल्या आजीचा चौतीस वर्षांचा प्रियकर होता म्हणे. नातीला धक्का बसत नाही, कौतुकच वाटतं. इथवर आमचीही काही हरकत नाही.

पण हा प्रियकर, रोनिन, मेणबत्तीत राहतो. १६४७ साली ग्लासगोत जन्मलो, असं स्वतःच सांगतो आणि तेव्हापासून हॉवर्ड घराण्यातल्या बायकांकडे मुक्कामाला आहे. सासूकडून सुनेकडे पाटल्या जाव्यात तसा हा समंध एकीकडून दुसरीकडे जातो. क्विंट नावाचा एक इसम बजावतो की बाई, ती मेणबत्ती पेटवू नका. अशा माणसाचं कधी कुणी ऐकत नाही, कारण ऐकलं तर भाग तिथेच संपेल. थोड्याच वेळात तो मरतो आणि अडचण दूर होते.

आता डॉक्टरीणबाईंकडे या. हजारभर माणसांच्या जहाजावरच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी. एखादा रुग्ण 'रात्री मेणबत्तीतला माणूस कुशीत येतो' म्हणत आला असता तर बाईंनी आधी त्याचा मेंदू तपासला असता. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. खरंच दिला! नोकरी, जहाज, सहकारी, सगळ्यांवर पाणी सोडून बाई मेणबत्तीशी संसार थाटायला निघाल्या.

याच बाई १९९० च्या 'रिमेंबर मी'मध्ये होत्या. तिथे जहाजावरची माणसं एकामागून एक नाहीशी होत होती आणि ती कधी होती हेसुद्धा कुणाला आठवत नव्हतं. त्यांच्याच डोक्यात बिघाड असावा, असं सगळ्यांना वाटत असताना बाईंनी निष्कर्ष काढला की मी ठणठणीत आहे, विश्वच बिघडलंय. आणि ते खरं निघालं. त्या भागात प्रियकर नव्हता, त्यामुळे बुद्धी वापरायला वाव होता. 'सब रोझा'ची मूळ कथा रचण्यात जेरी टेलर या बाईच होत्या, तेव्हा पुरुषांच्या नावाने खडे फोडायचीही सोय नाही. पटकथा मात्र ब्रॅनन ब्रागा यांची.

खरी दया येते ती गेट्स मॅकफॅडन यांची. 'लॅबिरिन्थ' (१९८६) चित्रपटातल्या बाहुल्यांच्या हालचाली बसवण्याचं काम केलेली ही अभिनेत्री. इथे बऱ्याचदा समोर बाहुलीसुद्धा नाही, प्रणय सगळा हवेशी. तोही त्या जीव ओतून करतात. जरा आळस केला असता तर बघणाऱ्याला इतकं अवघडल्यासारखं झालं नसतं.

अखेर उलगडा होतो : रोनिन भूत नाहीच! तो 'अ‍ॅनाफेजिक' जीव आहे, माणसाच्या शरीराच्या आधाराने तगणारा, आणि ती मेणबत्ती प्लाझ्माची आहे. झालं, विज्ञान वाचलं. मधल्या काळात उकरलेल्या शवपेटीत आजी उठून बसते आणि डेटाला अन् जहाजाचा अभियंता जॉर्डी याला झटका देऊन आडवं करते, पण तेही विज्ञानच. बाई आधी मेणबत्तीवर फेझर बंदूक चालवतात, मग प्रियकरावर. नंतर समुपदेशक ट्रॉयपाशी म्हणतात की काही असो, आजीला त्याने सुखात ठेवलं. सातशे वर्षं एका घराण्याचं रक्त शोषणाऱ्या परजीवीला इतकं चांगलं शिफारसपत्र क्वचितच मिळालं असेल.

पुढच्याच आठवड्यात 'लोअर डेक्स' आला. कनिष्ठ हुद्द्यावरची चार तरुण मंडळी आणि एक वेटर. त्यांना धाकधूक मिळाली, मैत्री मिळाली, सिटो नावाच्या मुलीला तर असं मरण मिळालं की चाहते आजही हळहळतात. चौघांतली नर्स ओगावा डॉ. क्रशर यांच्याच हाताखालची. तिच्या बढतीची शिफारस बाईच करतात. बाईंच्या राजीनाम्याचं पुढे काय झालं, हे जहाजावर कुणीही विचारत नाही.