पुढच्या मालकाची गाडी

नाशकात छोटी गाडी घ्यायची तर दोन मंजुऱ्या लागतात. एक पेठ रोडवरच्या आरटीओची, दुसरी नानांची. पहिली एजंट आणून देतो. दुसरीसाठी आपल्यालाच जावं लागतं, आणि तेही रविवारी नऊच्या आत. नऊनंतर नाना दुसऱ्या कुणाची तरी गाडी नापास करायला बाहेर पडलेले असतात.

असा एक नाना प्रत्येक कॉलनीत असतो. कुठे त्याला अण्णा म्हणतात, कुठे तात्या. आमच्या इंदिरानगरातले नाना सातपूरच्या मायकोतून निवृत्त झालेले. कंपनीचं नाव 2008 साली बॉश झालं, हे त्यांना मान्य आहे, पण कागदोपत्री. (सगळं नाशिक अजून मायको सर्कलच म्हणतं, त्यामुळे हा हट्ट त्यांच्या एकट्याचा नाही.) तिथे डिझेल इंजिनाचे नोझल बनतात आणि त्या कामात हिशोब मायक्रॉनचा. ज्या माणसानं उभी नोकरी केसाच्या जाडीपेक्षा कमी फरकासाठी माल परत पाठवण्यात घालवली, त्याच्यापुढे कुणी ‘नाना, किरकोळ टचअप आहे’ म्हणत सात वर्षांची ऑल्टो उभी करावी, याला धाडस म्हणतात.

नानांची हत्यारं किराण्याच्या कापडी पिशवीत असतात. एक टॉर्च, एक जुना रुमाल, वाचायचा चष्मा आणि सप्तशृंगी गडावरून आणलेलं, फ्रिजला लावायचं देवीचं चुंबक. चुंबक आधी बाहेर येतं. ते गाडीच्या पत्र्यावर ठिकठिकाणी लावत नाना एक प्रदक्षिणा घालतात. जिथे देवी टिकते तिथे मूळ पत्रा. जिथे ती घसरून खाली येते तिथे पुटी भरलेली, म्हणजे गाडी कुठेतरी ठोकलेली. एजंट ‘ओरिजनल पेंट, शप्पथ’ म्हणत असतानाच देवी खाली पडते, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. एका एजंटानं तर हात जोडले होते. देवीला की नानांना, ते कळलं नाही.

मग काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात ती कधी बनली याची बारीक खूण असते. पाच काचा एका वर्षाच्या आणि सहावी तीन वर्षांनी लहान असेल, तर त्या सहावीला इतिहास आहे. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. टायर गोटा झालेला असेल तर नाना आकडे वाचायचे कष्टही घेत नाहीत. मीटर पस्तीस हजार किलोमीटर दाखवतं आणि ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र गुळगुळीत झालेलं, हे दिसलं की ते एजंटाला गोड आवाजात विचारतात, ‘मालक अनवाणी चालवायचे का हो?’ शेवटी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढतात. गाडी पुरात बुडालेली असेल तर सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण पट्ट्याचं गुंडाळलेलं शेवटचं टोक कुणी धूत नाही. गाळाची रेष तिथे सापडते. नाशकात पूर मारुतीवरच मोजायचा असतो, गोदाकाठी दुतोंड्या मारुतीवर आणि एजंटाच्या आवारात सेकंडहँड मारुतीवर.

नंबरप्लेटवरून तर ते गोत्र सांगतात. ‘एमएच-04? ठाणं. क्लच संपलेला असणार, घोडबंदरला दुसरा गिअर पडतच नाही. एमएच-01? खारी हवा, खालून बघ. एमएच-19? जळगावचं ऊन, डॅशबोर्डला तडा. एमएच-12? पुण्याचा माणूस गाडी ठेवतो चांगली, पण किमतीवर बोलायला गेलं तर आपल्यालाच अपराधी वाटायला लावतो.’ आणि एमएच-15? तिथे नानांचा आवाज जरा खाली येतो. ‘आपली आहे. पण कसारा किती वेळा चढली, ते विचार.’ गाडीची खरी परीक्षा कसारा घाटात, हे त्यांचं जुनं मत. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि पोरं बोगद्यातून सुळकन पलीकडे जायला लागली, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. परीक्षाच रद्द झाली म्हणतात.

‘डॉक्टरची गाडी आहे’ या वाक्यावर ते हसतसुद्धा नाहीत. नाशकात आजवर जेवढे डॉक्टर झाले, त्याहून जास्त डॉक्टरांच्या गाड्या मुंबई नाक्यापासून पाथर्डी फाट्यापर्यंत विकल्या गेल्यात, असा त्यांचा अंदाज. त्यात निम्म्या ‘फक्त लेडीजनं वापरलेल्या’. कागदांच्या बाबतीत मात्र ते खरोखर उपकाराचे. बँकेचं कर्ज फिटलं का, आरसीवरून एचपी, म्हणजे बँकेचा बोजा, उतरला का, फॉर्म 35 कुठे आहे, हे विचारल्याशिवाय चहा घेत नाहीत. फॉर्म 29 आणि 30 वर कोरी सही करून कुणाला गाडी देऊ देत नाहीत. आमच्या शेजारच्या बिल्डिंगीतल्या एकाने त्यांचं न ऐकता दिली. गाडी गेली, पण नावावर राहिली, आणि अनोळखी गावांत सिग्नल तोडल्याची चलानं दीड वर्ष त्याच्या मोबाइलवर येत राहिली. बिचाऱ्यानं महाराष्ट्र पाहिला तो असा.

पण हे सगळं तपासण्याचं कसब झालं. नानांचं तत्त्वज्ञान वेगळं आहे आणि ते एका शब्दात मावतं : रीसेल. गाडी घेताना ते स्वतःचा विचार करत नाहीत, बायकोचा तर नाहीच नाही. ते विचार करतात पुढच्या मालकाचा. तो माणूस अजून कुणी पाहिलेला नाही, कदाचित तो अजून अकरावीत असेल, पण त्याला कुठला रंग आवडेल, कुठलं मॉडेल चालेल, तो किती घासाघीस करेल, याची नानांना आत्ताच काळजी. लाल रंग घेऊ नको, पुढचा नको म्हणेल. स्टिकर लावू नको, निघताना रंग निघतो. सनरूफ? पुढच्याला गळेल.

हे खूळ आलं कुठून, ते शोधायला फार लांब जायला नको. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती 800 ची किल्ली ग्राहकाच्या हाती ठेवली. त्यानंतर कित्येक वर्षं या गाडीसाठी नंबर लावून थांबावं लागे, आणि थांबायची तयारी नसलेला माणूस वरचे पैसे मोजून दुसऱ्याकडून घेई. नानांच्या खात्यातल्या साहेबानं गाडी घेतली, वापरली आणि घेतल्यापेक्षा जास्त किमतीला विकली. तरुण नानांनी हे डोळ्यांनी पाहिलं. त्या वयात माणूस जे पाहतो ते धर्म म्हणून पाळतो. पुढे 1998 साली सँट्रो आणि इंडिका आल्या, पुढच्या वर्षी वॅगनआर आली, दुकानं भरली, नंबर लावायचे दिवस गेले. नानांचा धर्म मात्र बदलला नाही. 2009 मध्ये नॅनो लाख रुपयांत बाजारात आली तेव्हा सगळी कॉलनी त्यांच्या गच्चीवर जमली होती. नानांनी एकच प्रश्न विचारला, ‘लाखाला घेतली तर विकणार कितीला?’ लोक निमूटपणे जिना उतरले.

‘नवी घेऊ की जुनी?’ या प्रश्नाचं त्यांचं उत्तर ठरलेलं. ‘नवी घेतलीस तर तू पहिला मालक. पहिल्या मालकानं तोटा सोसायचा असतो. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला सरकार अकरा टक्के रोड टॅक्स घेतं, विकताना त्यातला रुपया परत येतो का? दुसरा मालक शहाणा. तिसरा हौशी. चौथा स्वतः मेकॅनिक असावा लागतो.’ मग जुनी घेऊ का, असं विचारलं की पिशवी उचलून निघतात, आणि दाखवाल ती जुनी गाडी नापास करतात. सीएनजीचं विचारलंत, तर सिलिंडरनं खाल्लेली डिक्की आणि पंपावरची रांग दाखवतात. डिझेलचं विचारलंत, तर एक सुस्कारा. मायकोचा माणूस, बहुतेक छोट्या गाड्यांतून डिझेल गेलं हे त्यांना घरातलं माणूस गेल्यासारखं लागलंय. अशा रीतीनं आमच्या कॉलनीत पाच-सहा कुटुंबं वर्षानुवर्षं स्कूटरवरच आहेत, पण एकाचीही फसवणूक झालेली नाही.

नाना स्वतः मात्र दुसऱ्या नव्हे, पहिल्या मालकाच्या पाटावर बसलेत. 2017 ची पांढरी वॅगनआर, शोरूममधून घेतलेली. हा विरोधाभास त्यांना कुणी विचारत नाही. त्यांचं म्हणणं असं की नाशकात पुढच्या मालकाला निर्मळ गाडी मिळावी म्हणून कुणीतरी सुरुवात करायला हवी. सीटवरचं प्लास्टिक त्यांनी काढलेलं नाही. नाशकातले मे महिने नानींनी त्या प्लास्टिकवर काढलेत आणि उतरताना त्यांच्या साडीचा जो आवाज होतो तो सगळ्या कॉलनीच्या ओळखीचा आहे. मागची डावी काच खाली घ्यायची नाही, मोटर झिजते. गाडीत खायचं नाही. रविवारी सगळं नाशिक मळ्यातल्या मिसळीला गाड्या काढून जातं, तेव्हा नाना नानींना घेऊन स्कूटरवर जातात. तर्रीचा एक थेंब म्हणजे रीसेलमध्ये पाच हजार. एकदा नानींनी विचारलं, ‘अहो, ती पुढची बाई बसेल ना पुढे, तिला तरी प्लास्टिक काढू द्याल का?’ नाना म्हणाले, ‘ते तिच्या नवऱ्यावर आहे.’

ही गाडी विकायचा मुहूर्त त्यांनी फार आधी ठरवला होता : दसरा, 2025. पितृपक्षात कुणी गाडी घेत नाही, म्हणून घट बसले की जाहिरात द्यायची, दसऱ्याला व्यवहार. भाव पावणेचार लाख. इथवर सगळं मायक्रॉनमध्ये होतं. मग 3 सप्टेंबरला दिल्लीत जीएसटी कौन्सिलची बैठक झाली. चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर सेससकट 29 टक्के कर होता, तो 18 वर आला. लागू कधी, तर 22 सप्टेंबर. घटस्थापना! सरकारनंही नेमका नानांचाच मुहूर्त धरला. नवी वॅगनआर 79 हजारांपर्यंत स्वस्त झाली, ऑल्टो के-10 तीन लाख सत्तर हजारांच्या आतून सुरू झाली. नवीच एवढ्यात मिळत असताना आठ वर्षं जुनीला पावणेचार कोण देणार? आठ वर्षं प्लास्टिक सांभाळलं, काच सांभाळली, नानी मिसळीला स्कूटरवर गेल्या, आणि हिशोब एका संध्याकाळी दिल्लीत बदलला. नानांनी त्या दिवशी बातम्या दोनदा पाहिल्या. मग गाडीवर कव्हर घातलं.

शेवटी भाव सव्वातीन लाखांवर आणला, तेव्हा नोव्हेंबरात गिऱ्हाईक आलं. सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत नोकरीला असलेला पोरगा, लग्न नुकतंच झालेलं. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, हँडलला हात लावला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, ‘काका, मला यातलं काही कळत नाही. आमच्या सुपरवायझरनं सांगितलंय, गाडी कुठलीही बघ, पण इंदिरानगरच्या नानांना दाखवल्याशिवाय पैसे देऊ नको. ते इथंच कुठंतरी राहतात म्हणे.’

नाना काही बोलले नाहीत. आत गेले, शर्ट बदलला, कापडी पिशवी घेऊन बाहेर आले. ‘कुठली बघायची?’

‘हीच.’

आम्ही गॅलऱ्यांतून बघत होतो. नानांनी चुंबक काढलं. बोनेट, उजवी बाजू, डिक्की, देवी सगळीकडे टिकली. मागच्या डाव्या दाराशी आली आणि खाली पडली. नानांनी ती उचलली, रुमालानं पुसली, परत लावली. परत पडली. पोरगा बघतोय, कॉलनी बघतेय. ते दार दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या गेटाला घासलं होतं आणि नानांनी भल्या पहाटे अंबडला नेऊन करून आणलं होतं, हे नानींखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. (ती काच खाली का घ्यायची नाही, तेही आम्हाला आत्ता कळलं.) खोटं बोलायची सोय नव्हती, तो त्यांचा पिंड नाही. ‘पुटी आहे,’ नाना स्पष्ट म्हणाले. ‘पंधरा हजार कमी कर. मालक तीन पंचवीस म्हणतोय ना? तीन दहाच्या वर एक पैसा देऊ नको.’

‘मग द्या तीन दहाला,’ पोरगा खूश होऊन म्हणाला.

‘तीन दहाला?’ नाना उसळले. ‘डोकं ठिकाणावर आहे का तुझं? सीटवरचं प्लास्टिक बघ! मूळचं आहे!’

अर्धा तास हे चाललं. जाणकार नानांनी सांगितलेला प्रत्येक दोष विकणाऱ्या नानांनी अमान्य केला आणि विकणाऱ्या नानांनी सांगितलेला प्रत्येक गुण जाणकार नानांनी टॉर्च लावून तपासला. पोराला मध्ये बोलायला जागाच नव्हती. नानींनी त्याला चहा दिला. त्यानं पुढच्या आठवड्यात नवी ऑल्टो बुक केली आणि पेढे घेऊन नानांच्या पाया पडायला आला, कारण योग्य निर्णय त्यांच्यामुळेच झाला असं त्याला वाटतं.

नाना आता 2027 च्या सिंहस्थावर नजर ठेवून आहेत, गाड्यांना तेव्हा भाव येईल म्हणतात. तोवर कुणाला हवी असेल तर गाडी आहे : पांढरी वॅगनआर, 2017, एमएच-15, फर्स्ट ओनर, एकहाती. बघायला खुशाल या. सोबत जाणकार आणायची गरज नाही, तो घरचाच आहे. फक्त जाणकार जी किंमत सांगेल ती मालक मान्य करणार नाही, एवढं धरून या.