हाक मारली की थांबणारं यंत्र

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया

ती. आई व ती. बाबांस, सर्वांचा शि. सा. नमस्कार वि. वि.

दिवाळीला नातवंडांना नवा गेम कन्सोल घ्यायचा, पैसे पाठवतो, त्यात काय काय हवं ते कळवा, हा बाबांचा निरोप पोचला आणि चार माणसांच्या घरात पाच पक्ष झाले. फोनवर सगळे एकदम बोलतात, म्हणून लेखी कळवायचं ठरलं. लिहायचं काम अर्थातच सूनबाईंच्या गळ्यात पडलं, तेही कुणाची बाजू घ्यायची नाही या अटीवर. तेव्हा या पत्रात 'मी' नाही. ज्याची मागणी, त्याच्या नावावर.

पहिली मागणी सूनबाईंची, कारण पेन तिच्या हातात आहे. रात्री गरम पोळी तव्यावरून थेट ताटात पडते आणि दिवाणखान्यातून नातू ओरडतो, "आई, हा गेम मध्येच थांबवता येत नाही गं!" खरं आहे त्याचं, ऑनलाइन सामन्यात समोर दुसऱ्या गावचं पोर बसलेलं असतं. पण थांबवायची विद्या काही नवी नाही. १९७६ साली फेअरचाइल्ड कंपनीने 'चॅनेल एफ' नावाचं यंत्र काढलं. इथल्याच सिलिकॉन व्हॅलीत, जेरी लॉसन या इंजिनिअरच्या हाताखाली ते तयार झालं. बदलता येणाऱ्या कॅसेटी घरात आल्या त्या त्यानेच, आणि यंत्रावर ठळक 'होल्ड' बटण होतं. दाबलं की खेळ जागच्या जागी उभा.

पुढे १९८३ मध्ये जपानात निन्टेन्डोचा 'फॅमिकॉम' आला. त्याच्या दुसऱ्या कंट्रोलरमध्ये चक्क माइक होता. 'झेल्डा' या खेळाच्या जपानी आवृत्तीत मोठ्या कानांची भुतं आहेत. माइकमध्ये ओरडलं की ती मरतात. म्हणजे बटणही झालं, कानही झाले. आता दोघांचं लग्न तेवढं लावायचं राहिलंय. 'जेवायला या' ही तिसरी हाक गेली की पडदा थिजला पाहिजे. पहिल्या दोन हाका सूनबाईंनी उदार मनाने सोडून दिल्या आहेत. समोरच्या पोराची खोटी व्हायला नको, हेही मान्य. 'रॉकेट लीग' या खेळाच्या साध्या सामन्यातून कुणी उठून गेलं तर त्याची गाडी संगणक चालवतो. तसं करावं, आणि वरण गार व्हायच्या आत बसावं.

तुमच्या चिरंजीवांचं म्हणणं असं की नव्वदच्या दशकात बाबांनी सांगलीत जो टीव्ही गेम आणला, त्याच्या खोक्यात दोन रिमोट आणि वर एक बंदूकही होती. (ते यंत्र फॅमिकॉमची नक्कल होती, हे कळल्यावर त्यांना दोन दिवस वाईट वाटलं.) आता पैसे भरपूर, खोकं देखणं, आणि बहुतेक वेळा आत कंट्रोलर एकच. दोन मुलांच्या घरात एक कंट्रोलर आणणाऱ्याने भांडण विकत आणलं म्हणायचं. त्यात शेजारी बसून एकाच टीव्हीवर खेळायची चालही मोडत चालली आहे. 'हेलो'सारख्या, पडदा अर्धा-अर्धा वाटून खेळण्यासाठी नावाजलेल्या मालिकेने २०१५ च्या भागात ती सोय काढून टाकली. पुढे 'हेलो इन्फिनिट'ची कथा तशी दोघांनी मिळून खेळता येईल म्हणाले, आणि २०२२ मध्ये तोही बेत रद्द केला. एकाच सोफ्यावरची भावंडं दोन यंत्रांवरून इंटरनेटने भेटावीत, अशी बहुधा अपेक्षा असावी.

नातीची तक्रार वेगळी. ती हात लावत नाही तरी तिचा खेळातला माणूस आपोआप डावीकडे चालू लागतो आणि दरीत पडतो. कंपनी कुठली ते राहू दे. कंट्रोलरच्या अंगठ्याने हलवायच्या काडीखाली घासून झिजणारे भाग असतात, म्हणून हे होतं. लोहचुंबक वापरला तर घासायला काही उरत नाही. १९९८ च्या 'ड्रीमकास्ट'च्या कंट्रोलरमध्ये चुंबकच होते! एवढ्या वर्षांपूर्वीचं औषध सरसकट सगळीकडे का देत नाहीत, हा नातीचा प्रश्न. तिच्या बापाचं उत्तर: दुसरा कंट्रोलर मग कोण घेणार?

खरा वाद पेटला तो मालकीवरून. सांगलीत कॅसेट गल्लीभर फिरायची. चालली नाही तर फुंकर मारायची (तीही निन्टेन्डोच्या मते चूक, ओलाव्याने पिना गंजतात). आता तबकडी ठेवायची जागाच जायला लागली आहे. सोनीचा २०२४ चा 'प्लेस्टेशन ५ प्रो' तबकडीच्या खणाशिवाय येतो, खण वेगळा विकत घ्यायचा. गंमत बघा, याच सोनीने २०१३ मध्ये आपल्या यंत्रावर गेम मित्राला कसा द्यायचा, याचा छोटा व्हिडिओ काढला होता. त्यात एकजण दुसऱ्याच्या हातात डबी देतो. संपला व्हिडिओ.

आणि इंटरनेटवरून उतरवलेला गेम आपला असतो का? युबिसॉफ्टच्या 'द क्रू' या मोटारींच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि एकट्याने खेळणाऱ्यांचाही खेळ आटोपला, दुकानातून तबकडी आणलेल्यांचासुद्धा. आमच्या कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे: गिऱ्हाईकाला फक्त वापरायचा परवाना मिळणार असेल तर 'विकत घ्या' म्हणताना तसं स्पष्ट सांगायचं. सांगतात हो, पण सांगितल्याने काय झालं? चिरंजीवांना इंटरनेट बंद पडलं तरी चालणारा, आतेभावाला उसना देता येणारा आणि कंपनीचं मन उडालं तरी घरात राहणारा गेम हवा आहे. या एका मागणीवर घरात एकमत झालं.

गेल्या उन्हाळ्यात बाबा इथे आले तेव्हा त्यांनी कन्सोलभोवती एक चक्कर मारून विचारलं होतं, "हे मेनमधून बंद कुठे होतं?" वीज मंडळातला माणूस दुसरं काय विचारणार! त्यांचंही बरोबर निघालं. एक्सबॉक्स नुसता झोपवण्यापेक्षा पूर्ण बंद केला तर वीज वीस पटीपर्यंत कमी लागते, असं खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगतं. तेव्हा पुढच्या यंत्राला डोळ्यांना दिसेल असा, खट्कन आवाज करणारा स्विच हवा.

आईंच्या वतीने अर्ज नातवाने भरला आहे: अक्षरं मोठी आणि बटणं अंगठ्याला सोसतील अशी. हेही कुणीतरी करून ठेवलंय. 'द लास्ट ऑफ अस' खेळाच्या दुसऱ्या भागात (२०२०) अशा साठाहून अधिक सोयी आहेत, आणि मायक्रोसॉफ्टच्या २०१८ च्या अडॅप्टिव्ह कंट्रोलरला बशीएवढी दोन बटणं आहेत. त्याचं खोकंसुद्धा नुसते फासे ओढून उघडतं. हे सगळं वेगळं, जास्तीचे पैसे टाकून का आणायचं, मूळ यंत्रातच का नाही, एवढंच विचारायचं आहे.

एकूण, यातलं सगळं कुठे ना कुठे आहे, पण एका खोक्यात नाही. म्हणून पैसे इतक्यात पाठवू नका. कंट्रोलर दुरुस्त करून भागवतोय.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सूनबाई

ता. क. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' नावाचा खेळ आहे, २०२० मधला. राजी नावाची मुलगी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघते, दुर्गामाता तिच्या पाठीशी असते. आई फेब्रुवारीत येतील तेव्हा तो तयार हवा. नातवाला बजावलंय, तबकडी मिळते का ते आधी बघ.