मनगटावरचं घड्याळ

आमच्या जुन्नर-आंबेगावात फौजेतून सुटून आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. भरती झाला शिपाई म्हणून, सुटला नायक म्हणून, पण गावच्या स्टँडवर काळी ट्रंक उतरली की मेजर. ट्रक चालवला तो मेजर, लंगरात पोळ्या लाटल्या तोही मेजर. त्यामुळे खऱ्या मेजरची पंचाईत होते. त्याच्याही वर चढून कुणी कर्नल होऊन परत आला, तर गाव कौतुकाने विचारतं, "म्हणजे मेजरच ना?"

हे आठवायचं कारण असं, की परवा नारायणगावात चहाच्या टपरीवर एकाने ठराव मांडला. "आता खासदारकीला एखादा मेजर द्या. दोन महिन्यांत शिस्त लावतो का नाही बघा." सगळ्यांच्या माना डोलल्या. कोपऱ्यातल्या नानांनी फक्त एवढंच विचारलं, "कुणाला लावील?" टपरी गप्प. शिस्त पुढाऱ्यांना लागणार, हे प्रत्येकाने धरूनच चाललं होतं. ती आपल्यालाही लागू शकते, हा विचार नानांनी उगाच काढला. टपरीपुढे आठ मोटारसायकली होत्या. त्यातल्या सहा रस्त्यात.

तरी ठराव झालाच आहे, तर तपासून बघू. समजा एक कर्नलसाहेब आहेत. खरे नाहीत, आमच्या डोक्यातले. मूळ गाव ओतूरच्या अंगाला, राहायला हडपसरकडच्या सोसायटीत. शिरूर मतदारसंघासाठी हे उत्तमच, कारण तो माळशेजच्या माथ्यापासून हडपसरच्या गाडीतळापर्यंत पसरलाय. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, भोसरी, हडपसर असे सहा विधानसभा मतदारसंघ आणि मतदार २५ लाख. एवढं मनुष्यबळ तर अख्ख्या भारतीय फौजेतही नाही.

आता पूर्वेतिहास. २००९ च्या आधी आमचा भाग खेड मतदारसंघात होता. खेडच्या काळापासून आजवर इथून दिल्लीला कोण कोण गेलं? संपादक गेले, अनंतराव पाटील. प्राध्यापक गेले, रामकृष्ण मोरे. मंचरचे किसनराव बाणखेले गेले, विघ्नहर कारखान्याचे निवृत्तीशेठ शेरकर गेले. उद्योजक शिवाजीराव आढळराव तीनदा गेले. सध्या डॉक्टर गेलेत, अमोल कोल्हे, जे नटही आहेत. फौजी गेल्याचं मला तरी आठवत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान शत्रूवर तुटून पडताना ज्यांच्या नावाचा जयघोष करतो, ते शिवछत्रपती आमच्या शिवनेरीवर जन्मले. जयघोष सीमेवर, मतदान कारखान्यावर, अशी आमची वाटणी आहे.

आणि तरीही निवडणुकीची भाषा ऐका. रणशिंग फुंकलं, मोर्चेबांधणी झाली, बालेकिल्ला ढासळला, शिलेदार फुटले, अमक्याची तलवार म्यान. वॉर रूम तर प्रत्येकाची असते, त्यात चार पोरं मोबाइल चार्ज करत बसलेली. या युद्धात ज्याने खरी गोळी चालताना ऐकली आहे, असा माणूस तेवढा शोधून सापडत नाही.

महाराष्ट्रात हा प्रयोग झालाच नाही, असंही नाही. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सेनाप्रमुख जनरल करिअप्पा १९७१ साली ईशान्य मुंबईतून लोकसभेला उभे राहिले. अपक्ष, पाठिंबा शिवसेनेचा. त्यांना हरवलं काँग्रेसच्या राजाराम कुलकर्णी यांनी. आज हे कुलकर्णी कोण होते असं विचाराल, तर घाटकोपर-मुलुंडमध्येही दहातले नऊ जण डोकं खाजवतील. गंमत म्हणजे याच मतदारसंघाने १९६७ साली माजी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना घरी बसवलं होतं, एकदा निवडणुकीत आणि लगेच पोटनिवडणुकीत पुन्हा. आधी संरक्षणमंत्री, मग सेनाप्रमुख. संरक्षण खात्याने या लोकांचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे.

उलट दाखला कोकणातला. १९९१ साली राजापुरात मधु दंडवते हरले. पाच वेळा निवडून आलेला, कोकण रेल्वेसाठी जिवाचं रान केलेला, रेल्वे आणि अर्थ खातं सांभाळलेला माणूस. निवडून आले काँग्रेसचे सुधीर सावंत, ज्यांना वर्तमानपत्रं आजही ब्रिगेडियर म्हणतात. म्हणजे वर्दी जिंकली? थांबा. त्या वर्षी काँग्रेसने राज्यातल्या ४८ पैकी ३८ जागा जिंकल्या. राजीव गांधींची हत्या होऊन महिनाही झाला नव्हता. अशा लाटेत शिक्का पंजाचा चालला, खांद्यावरच्या बिल्ल्यांचा नव्हे. पुढच्या खेपेला, १९९६ ला, राजापूरने सुरेश प्रभूंना पाठवलं. ते सनदी लेखापाल. कोकणी माणूस आधी फौजी पाठवतो आणि मग मागून हिशेब तपासायला सीए पाठवतो.

पुण्याचे सुरेश कलमाडी तर हवाई दलात वैमानिक होते. खासदार अनेक वर्षं होते. पण पुणेकराला कलमाडी म्हटल्यावर विमान आठवतं का? मॅरेथॉन आठवते, पुणे फेस्टिव्हल आठवतो, आणि मग २०१० ची राष्ट्रकुल स्पर्धा आठवते. तिथे तो विषय बदलतो.

तर आमचे कर्नलसाहेब. पहिला पेच वर्दीचाच. फ्लेक्सवर गणवेशातला फोटो टाकावा म्हटलं, तर निवडणूक आयोगाने २०१३ साली आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये पक्षांना बजावलंय, की प्रचारात सैनिकांची छायाचित्रं नकोत. नियम चांगलाच आहे. पण मालिकेतल्या अंगरख्याबद्दल आणि ढाल-तलवारीबद्दल त्यात चकार शब्द नाही. अमोल कोल्हे आमच्या नारायणगावचे. शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज दोघांच्याही भूमिका त्यांनी पडद्यावर केल्या, आणि फार चांगल्या केल्या. २०१९ ला ५८ हजारांनी निवडून आले, २०२४ ला मताधिक्य १ लाख ४० हजारांवर गेलं. कर्नलसाहेबांची तलवार खरी, पण तिला पार्श्वसंगीत नाही. आणि वेषाचं म्हणाल, तर डिसेंबर २०२५ मध्ये जुन्नरचे आमदार शरद सोनवणे नागपूरच्या अधिवेशनाला चक्क बिबट्याचा पोशाख चढवून गेले. हसू नका. शाळेत निघालेलं पोर आणि उसात खुरपायला गेलेली बाई जिथे रोज जीव मुठीत धरून चालते, तिथे विधानभवनाचं लक्ष वेधायला बिबट्या व्हावं लागत असेल, तर लाज बिबट्याला नाही. मुद्दा एवढाच, की आमच्याकडे ठिपके चालतात, झालर चालते. ऑलिव्ह ग्रीनला मागणी नाही.

दुसरा पेच, दशक्रिया. लोकसभेची खरी लढाई आमच्याकडे सभेत होत नाही. ती नदीकाठच्या घाटावर सकाळी होते. सातची वेळ म्हणजे कर्नलसाहेब सहा पंचावन्नला हजर. घाटावर गुरुजी, मुंडण केलेला मुलगा आणि दोन कुत्री. साडेसातला पाव्हणे, आठला प्रवचन. नऊच्या सुमारास पांढऱ्या गाड्यांची रांग लागते आणि श्रद्धांजली सुरू होते. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, बाजार समितीचे संचालक, दूध संघाचे, कारखान्याचे, माजी, आजी, भावी. प्रत्येक जण "कुटुंबाच्या दुःखात सहभागी" होतो आणि मध्येच आपण मंजूर करून आणलेल्या रस्त्याची लांबी सांगतो. पिंडाला कावळा शिवत नाही तोवर हे चालतं. कावळाही अनुभवी, तो सगळ्यांची भाषणं होऊ देतो.

कर्नलसाहेबांच्या हाती माइक येतो. ते ताठ उभे राहतात. "ते प्रामाणिक शेतकरी होते. मी त्यांना सलाम करतो. जय हिंद." संपलं. बावीस सेकंद. घाटावर अस्वस्थता. माणूस सज्जन आहे, यावर एकमत होतं. पण मयताची धाकटी लेक बेल्ह्याला कुणाच्या घरात दिली, व्याही कुठल्या गटाचा, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातात दिल्ली कशी द्यायची?

खाली बसले की अर्ज सुरू. डीपी जळालीय. कॅनॉलला आवर्तन कधी? आमच्या धरणांचं पाणी खाली नगर-सोलापूरला जातं, आम्ही बघत बसायचं का? बायपासात गेलेल्या जमिनीचा मोबदला. टोमॅटोचा भाव. वस्तीवर पिंजरा. कर्नलसाहेब वहीत टिपून घेतात आणि शांतपणे सांगतात, "यातल्या बऱ्याच गोष्टी संसदेच्या अखत्यारीत येत नाहीत." राज्यघटनेच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर. अनामत रकमेच्या दृष्टीने २५ हजार रुपये पाण्यात. एकच काम खरोखर खासदाराचं, पुणे-नाशिक रेल्वेचं. पण खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला त्रास होईल म्हणून रेल्वेमंत्र्यांनी नारायणगावचा मार्ग बाजूला ठेवलाय. दूरदूरच्या आकाशगंगांचा आवाज त्या तबकड्यांना ऐकू येतो. जुन्नरचा दिल्लीत ऐकू जात नाही.

एका परीक्षेत मात्र कर्नलसाहेब सगळ्यांना मागे टाकतील. घोडी. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. मधल्या काळात इथली लोकसभा निवडणूक महागाई किंवा परराष्ट्र धोरणावर कमी आणि शर्यतीच्या घाटातल्या बारीवर जास्त झाली. शर्यत सुरू झाली की बारीपुढे घोडीवर बसेन, असा शब्द कोल्ह्यांनी दिला होता. २०२२ साली खेडमधल्या निमगावच्या घाटात ते खरोखर बसले. आता ही पात्रता झाली असेल, तर खडकवासल्याच्या एनडीएत घोडेस्वारी शिकवतात हे मतदारांनी लक्षात घ्यावं.

पिपाणीचंही तसंच. २०२४ ला तुतारी वाजवणारा माणूस आणि नुसती पिपाणी या दोन चिन्हांत लोकांची एवढी गल्लत झाली, की साताऱ्यात तुतारीच्या पराभवाचं अंतर सुमारे ३२ हजार आणि पिपाणीची मतं ३७ हजार. तीस वर्षं पहाटे बिगुलावर उठलेल्या माणसाला निदान हा फरक तरी कळला असता.

निष्ठेचा विषय काढू नये, पण निघालाच आहे. कर्नलसाहेब भरती झाले त्याच पलटणीतून निवृत्त झाले. आमच्याकडे २०१९ ला शिवसेनेचे आढळराव विरुद्ध कालपरवापर्यंत शिवसेनेत असलेले, पण आता राष्ट्रवादीचे कोल्हे असा सामना झाला. २०२४ ला तेच दोघे, पण आता दोघेही राष्ट्रवादीचे, एक तुतारीवाले आणि एक घड्याळवाले. पलटण सोडून समोरच्या बाजूला जाण्याला फौजेत जो शब्द आहे, तो मी इथे लिहीत नाही. त्याला तिथे कोर्टमार्शल होतं आणि इथे तिकीट मिळतं.

हे सगळं वाचून वाटेल, की मी कर्नलसाहेबांच्या बाजूने गळा काढतोय. नाही. माझी खरी तक्रार त्यांच्याचबद्दल आहे. फौजेत कुणी थेट ब्रिगेडियर होत नाही. आधी तीस जणांची प्लाटून, मग कंपनी, मग पलटण. प्रत्येक पायरीवर जवानाचं नाव, गाव, घरची अडचण पाठ असावी लागते, नाहीतर तो अधिकारी वाया गेला असं सुभेदार साहेबच म्हणतात. मग राजकारणातच एकदम लोकसभा का? चौपन्नाव्या वर्षी निवृत्त व्हायचं, दोन वर्षं सोसायटीच्या पार्किंगला शिस्त लावायची, आणि मग देशाला शिस्त लावायला निघायचं. करिअप्पांसारख्या माणसालाही हा जवळचा रस्ता साधला नाही. बेल्ह्याची सोयरीक पाठ असणारा चेअरमन तुम्हाला हास्यास्पद वाटतो, पण त्याने त्याची प्लाटून वीस वर्षं सांभाळलेली असते. लबाडी केली असेल, पण मध्यरात्री फोन उचललेला असतो.

गावोगावचे ते "मेजर" बघा. नायक म्हणून सुटलेले. रांजणगाव-चाकणला कंपनीच्या गेटवर ड्युटी करतात, पोरांना पहाटे भरतीसाठी पळवतात, ग्रामसभेत उठून टाकीच्या बिलाचा हिशेब मागतात. त्यांच्यातला एखादा सरपंच झाला, तर गाव बदलतं. त्याची बातमी होत नाही, कारण त्याच्या निवडणुकीत रणशिंग नसतं.

तेव्हा कर्नलसाहेब, यायचं तर जरूर या. पण आधी गावच्या ग्रामपंचायतीला उभे राहा. वॉर्ड क्रमांक तीन, मतं सहाशे, गटारीचा प्रश्न २० वर्षं पडून आहे. आणि उद्या घाटावर दशक्रियेला येताना ते घड्याळ घरी ठेवून या. मनगटावरचं म्हणतोय मी.