आतल्या गोटातला माणूस

मंगळवेढ्यात दामाजी चौकाच्या आसपास, मोबाइलच्या दुकानात नाहीतर चहाच्या टपरीवर, हा इसम हमखास सापडतो. वय साधारण अठरा ते अठ्ठावीस, हातात काच तडकलेला फोन, आणि डोक्यात अजून बाजारात न आलेल्या स्ट्रॅटेजी गेमची खडान्‌खडा माहिती. ती कुठून आली हे तो सांगत नाही. ‘आतल्या गोटातली आहे, माझं नाव घेऊ नका,’ एवढंच म्हणतो. त्याचं नाव घेऊन कुणी काय करणार, हा प्रश्न मात्र कुणाला पडत नाही. लोक त्याला थापाड्या म्हणतात, ते मला अन्यायाचं वाटतं. थापाड्या ऐकणाऱ्याला खूश करायला धडपडतो. आतल्या गोटातला माणूस ऐकणाऱ्याला बेताने नाराज करतो, आणि त्याच्या अफवेवर विश्वास बसतो तो या नाराजीमुळेच.

त्याचं काम जवळून तपासलं की हे पटतं. समजा, मराठ्यांच्या काळावर नवा गेम येणार अशी कुजबुज आहे. थापाड्या म्हणेल, यात रायगड आहे, सगळे गड आहेत, तोफा तर विचारूच नका. पोरं दोन मिनिटं हरखतील आणि तिसऱ्या मिनिटाला हसतील. आपला माणूस आधी पाया खऱ्याचा घालतो. 2009 साली आलेल्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये मराठे घेऊन खेळता येत होतं, याची तो आठवण करून देतो, ते खरंच आहे. मग 1695 पासून सुमारे चार वर्षं औरंगजेबाची छावणी याच तालुक्यात भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती, हे सांगतो. तेही खरं, आणि शेजारी माचणूरचा किल्ला साक्षीला उभा आहे. एवढी भरणी झाली की आवाज खाली आणून तो आपली वीट बसवतो : नव्या गेममध्ये माचणूरची छावणी आहे, पण ती फक्त मोगलांच्या बाजूने खेळणाऱ्याला. मराठे पहिल्या दिवशी मिळणार नाहीत, त्यांचे वेगळे पैसे. नकाशावर मंगळवेढा ज्वारीचं कोठार म्हणून दाखवलंय, फक्त स्पेलिंग चुकलंय. झालं! वेगळे पैसे म्हटल्यावर शंका घेणारा गप्प होतो, कारण कंपन्या असंच करतात हे त्याला अनुभवाने माहीत असतं. आणि चुकलेलं स्पेलिंग? खोटं बोलणारा ते कशाला चुकवेल, असं प्रत्येकाला मनातून वाटतं. ही विद्या त्याने नव्याने शोधलेली नाही. कारखान्याची पहिली उचल किती निघणार याचे अंदाज दर गळीत हंगामाआधी पारावर बांधले जातात, तेव्हाही गोल आकडा सांगणाऱ्याकडे कुणी बघत नाही. आकड्याला पुढे थोडी चिल्लर लागली की माना डोलू लागतात. शिवाय इथल्या दामाजीपंतांच्या कथेत विठू महार नुसत्या मोहरा भरून येत नाही, पावतीही घेऊन येतो. नेमक्या तपशिलाचं वजन या गावाला कुणी शिकवायला नको.

एवढ्या गावठी पुराव्यावर समाधान होत नसेल तर जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण घ्या. ‘सिव्हिलायझेशन’ या 1991 सालच्या गेममध्ये गांधीजी अणुबॉम्ब टाकत सुटायचे, अशी कथा आहे. कारण असं दिलं जातं : गांधींची आक्रमकता सर्वांत कमी, म्हणजे 1 ठेवली होती, लोकशाही स्वीकारली की ती 2 ने घटायची, उणे आकडा संगणकाच्या त्या रकान्यात बसेना, म्हणून तो उलटा फिरून 255 व्हायचा. काय सुंदर हिशेब आहे! 255 ऐवजी ‘खूप’ म्हटलं असतं तर ही कथा आठवडाभरही टिकली नसती. ती 2012 च्या सुमारास पसरू लागली आणि गेमचे कर्ते सिड मायर यांनी 2020 मध्ये आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलं, की अशी चूक मुळात नव्हतीच. गंमत म्हणजे 2010 च्या पाचव्या आवृत्तीत रचनाकाराने गांधींचा अणुबॉम्बचा कल थट्टेखातर 12 वर नेऊन ठेवलाच होता. थट्टा आधी झाली, तिचं शास्त्रीय कारण नंतर जन्माला आलं. अहिंसेच्या पुजाऱ्याला एका वजाबाकीने बाटवणारा तो अज्ञात कारागीर आपल्या चौकातल्या माणसाचा गुरुबंधू शोभतो.

यावर एक आक्षेप असा, की अफवेचं असलं कौतुक निदान मंगळवेढ्यात तरी करू नये. तो झटकण्यासारखा नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलेली पाच भटकी माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, आणि ती मंगळवेढा तालुक्याशी जोडलेली होती. मोबाइलवरून फिरलेल्या एका खोट्या बातमीची किंमत या भागाला ठाऊक आहे. तरीही दोन्ही अफवा एका तराजूत घालता येणार नाहीत असं मला वाटतं. ती अफवा ऐकणाऱ्याला आत्ताच उठ, काहीतरी कर, असं सांगत होती. गेमची अफवा त्याला बसून वाट बघायला सांगते. त्या अफवेला समोर अनोळखी माणूस लागतो, हिला नुसता रिकामा वेळ पुरतो. पण कुणी म्हणालं की न तपासता पुढे ढकलण्याची सवय दोन्हीकडे एकच, तर त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि आतल्या गोटातल्या माणसाकडे तर नाहीच.

दुसरा आक्षेप सोपा आहे : गेम बाजारात आला की याचं पितळ उघडं पडतं, मग पोरं पुन्हा ऐकतातच कशी? पाण्याच्या योजनांच्या तारखा ऐकत मोठ्या झालेल्या तालुक्यात हा आक्षेप कुणी घ्यावा, हेच नवल. शिवाय गेम आल्याच्या दिवशी तो तोंड लपवत नाही, उलट सर्वांच्या आधी टपरीवर हजर असतो. माचणूरची छावणी नसते, ज्वारी नसते, काहीच नसतं. तो शांतपणे चहा मागवतो आणि सांगतो, की शेवटच्या आठवड्यात काढून टाकलं, आतल्या लोकांनाही फार वाईट वाटलं. फायली मात्र गेममध्येच पडून आहेत, पुढच्या अपडेटला उघडतील. पोरं चिडत नाहीत. अपडेट कधी, एवढंच विचारतात. तारीख त्याच्याकडे असते. आणि ती महिन्याच्या पहिल्या किंवा पंधराव्या दिवसाची कधीच नसते.