बाईंची फूटपट्टी

“काय वो बाई, दोन दिस दाराला कुलूप. आजारी-बिजारी पडला का काय म्हनून मी तीनदा भिंतीवरनं डोकावले.”

आमच्या आणि आक्कांच्या अंगणामध्ये कमरेइतकी विटांची भिंत आहे. तिच्यावर पापड वाळतात, विरजणाच्या वाट्या इकडून तिकडे जातात आणि आख्ख्या कॉलनीची खबरबात पोचती होते. मी साताऱ्यात छत्तीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून आक्का मला बाई म्हणतात. आक्का माणच्या. वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या.

“पुण्याला गेले होते आक्का. कार्यशाळेला.”

“कसल्या?”

“गोधडी शिवायच्या.”

आक्कांच्या हातात शेवग्याच्या शेंगा होत्या. त्या त्यांनी भिंतीवर ठेवल्या. म्हणजे आता बैठक लांबणार.

“गोधडी शिवायला पुन्याला? आन् पैसं किती घेतलं?”

मी आवाज खाली घेऊन आकडा सांगितला. आक्कांनी तो वरच्या पट्टीत परत म्हटला. समोरच्या बंगल्याची खिडकी किंचित उघडली.

“हळू बोला. समोरच्या वहिनीपण होत्या माझ्याबरोबर.”

“मग तर सांगाच.”

मग मी पहिल्यापासून सांगितलं. तिकडे याला इम्प्रोव्हायझेशनल क्विल्टिंग म्हणतात. नमुना आधी कागदावर काढायचा नाही. ठोकळे मोजून कापायचे नाहीत. गाणारा जागच्या जागी तान घेतो, तसं कापड हातात घेऊन जागच्या जागी ठरवायचं. शिकवणाऱ्या ताईंनी आल्या आल्या टेबलावर एक टोपली ठेवली आणि म्हणाल्या, सगळ्यांनी टेप आणि पट्ट्या यात टाका.

“तुमची ती लाकडी फूटपट्टी?”

“तीसुद्धा. मी जन्मभर पोरांच्या गोट्या जप्त केल्या. परवा माझी फूटपट्टी जप्त झाली.”

आक्का तोंडाला पदर लावून हसल्या. “आन् समुरच्या?”

“त्यांनी टेप टाकला टोपलीत. पण मोबाईल होता ना. टेबलाखाली धरून मोबाईलच्या कडेने मोजत होत्या. सगळ्या पट्ट्या बरोबर मोबाईलच्या रुंदीच्या.”

खिडकी बंद झाली.

“आता शिकवलं काय ते सांगा.”

पहिलं काम पट्ट्यांचं. पिझ्झा कापायच्या चाकासारखा एक गोल पात्याचा कटर असतो, तो हाताने कापडावरून फिरवायचा. रेघ थोडी वाकडी जाणारच. अशा पाच-सहा पट्ट्या मशीनवर जोडायच्या, पाव इंच शिवण सोडून, आणि इस्त्री करायची. एवढ्या कष्टाने झालेलं कापड मग पुन्हा आडवं कापायचं आणि फिरवून जोडायचं. माझा तर जीव कळवळला. मग बाक. दोन रंगांची कापडं एकावर एक ठेवायची, दोन्हींतून एकदमच नदीच्या वळणासारखा काप घ्यायचा, वरचा एक तुकडा आणि खालचा समोरचा घ्यायचा, आणि टाचण्या न लावता मशीनखाली दोन हातांनी सावकाश फिरवत शिवायचं. पहिल्यांदा माझं कापड द्रोणासारखं झालं. तिसऱ्यांदा सपाट बसलं.

“आन् तुकडा कमी पडला तर?”

“कमी पडला तर अजून एक पट्टी जोडायची. जास्त झाला तर कापायचा. उसवायचं नाही, हा नियम. चूक झाली की तिथून पुढचं ठरवायचं.”

“ह्याला पैसं दिलं व्हय तुमी?” आक्का म्हणाल्या. “आमची आय हेच करायची की. धडुत्याचा ढीग घिऊन बसायची. जो तुकडा हाताला लागंल तो.”

“जो हाताला लागेल तो लगेच लावायच्या?”

आक्का थांबल्या. “न्हाई. तसं न्हाई. लालाच्या शेजारी लाल न्हाई लावायची. आन् इरकलीचा काठ असला तर तो मागं ठिवायची, चार दिस. जागा घावंपत्तोर.”

मला हेच ऐकायचं होतं. ताईंनी दुपारी भिंतीवर एक जाड लोकरट फडका लावला. त्यावर सुती तुकडे टाचणीशिवाय चिकटून राहतात. प्रत्येकीने आपले तुकडे तिथे लावायचे, दहा पावलं मागे जायचं आणि मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढून बघायचं. रंग गेले की फक्त उजेड-अंधार उरतो. मला वाटत होतं माझ्याकडे पाच रंग आहेत. फोटोत माझ्या पाचही रंगांचा एकच करडा चिखल दिसला. आक्कांची आई चार दिवस इरकलीचा काठ बाजूला ठेवत होती, तो काळा-पांढरा फोटो तिच्या डोळ्यातच होता.

आक्का म्हणाल्या, “हितं आमी वाकळ म्हनतो. गोधडी म्हना, वाकळ म्हना. बारक्या पोराचं दुपटं. खाली-वर जुनी लुगडी, मधी चिंध्या, वरनं धावदोरा. ते त्या पुन्याच्या ताईला कुनी शिकवलं?”

“त्यांनी फोटो दाखवले, अमेरिकेतले. अलाबामा नावाचं राज्य आहे, तिथलं जीज बेंड.”

“आमिरका? ती मिलो यायची तिथली का?”

७२ च्या दुष्काळात आक्का बारा वर्षांच्या होत्या. अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावरची सुकडी या दोन गोष्टी त्यांच्या जिभेवरून अजून गेलेल्या नाहीत.

“तोच देश. पण हे कापूस पिकवणारं गाव. तीन बाजूंनी नदीचा वेढा. मळा एका गोऱ्या मालकाचा, राबणारे काळे गुलाम. गुलामी कायद्याने गेली तरी त्यांचे वंशज तिथेच राहिले. लाकडी फळ्यांची घरं, फटीतून वारा. म्हणून बायका मिळेल त्या कापडाच्या गोधड्या शिवायच्या. फाटक्या पँटी, खताची पोती, सगळं चालायचं. कुणी चौकोनाभोवती चौकोन लावत जायची, त्याला त्या घराचं छप्पर म्हणतात. कुणी आपलं असं काही करायची आणि त्याला ‘माझी तऱ्हा’ म्हणायची.”

“माझी तऱ्हा,” आक्कांनी चव घेऊन म्हटलं.

“१९६२ साली तिथल्या लोकांनी मताचा हक्क मागायला सुरुवात केली, तेव्हा नदीवरची तर, म्हणजे पलीकडे नेणारी नाव, बंद केली. तालुक्याचं गाव नदीपलीकडे समोर दिसतंय आणि जायला रस्त्याने तासभर. ती तर २००६ साली परत सुरू झाली.”

“चव्वेचाळीस वर्सं,” आक्का म्हणाल्या. हिशेब त्यांनी माझ्याआधी केला. “आन् गोधड्यांचं काय झालं?”

“१९६६ साली बायकांनी एकत्र येऊन सहकारी संस्था काढली. १९७२ मध्ये एका मोठ्या दुकानाचं कॉर्डरॉयच्या अभ्र्यांचं काम मिळालं. उरलेल्या कॉर्डरॉयच्या तुकड्यांच्या मग घरी गोधड्या झाल्या. तुम्ही इथे खडी फोडत होता, तेव्हा त्या तिथे अभ्रे शिवत होत्या.”

“बरं झालं, कुनाला तरी सावलीतलं काम हुतं.”

“आणि २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या म्युझियमच्या भिंतींवर लागल्या. २००६ मध्ये दहा गोधड्यांची पोस्टाची तिकिटं निघाली.”

आक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “एखादी दाखवा की.”

मी मोबाईलवर दाखवली. मिसूरी पेटवे या बाईंनी नवरा गेल्यावर १९४२ साली त्याच्या शेतातल्या कपड्यांची शिवलेली. फिका निळा, करडा, मळखाऊ पांढरा, मधूनच एखादा तांबडा. त्याची आठवण अंगावर घेऊन झोपायचं म्हणून शिवली, असं त्यांच्या मुलीने पुढे सांगितलंय. अशा कामाच्या कपड्यांच्या गोधड्यांत कुठे कुठे गडद चौकोन दिसतात. तिथे खिसा होता. खिसा काढला की खालचं न विटलेलं कापड दिसतं.

आक्कांनी स्क्रीन जवळ घेतली. “गुडघ्याचं कापड कुटं घेतलंय बगा. ते विरल्यालं असतंय, काठाला लावायचं न्हाई, वढ बसती. मधी घ्यायचं.” फोन परत देताना एवढंच म्हणाल्या, “आमच्यात कापडं वाटून टाकत्यात.” आणि शेंगा मोडायला लागल्या.

मी विषय जवळ आणला. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी लोक आहेत. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेले. त्यांच्या बायका शिवतात ती कवंदी. खाली जुनी साडी अंथरायची, काठापासून तुकडे ठेवत आणि धावदोरा घालत गोल गोल आत यायचं. वरचं कापड आधी वेगळं जोडून घ्यायचं नाही, जोडणं आणि शिवणं एकदमच. मध्यावर पोचलं की संपलं. आणि चार कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांचा एकेक फुला लावायचा. फुल्याशिवाय कवंदी पुरी होत नाही.

“मग आमी काय मधनं सुरवात करतो? काठावरनंच आत यायचं. म्होरं हात फिरवत न्यायचं, सुरकुती म्होरं ढकलायची.” एवढं बोलून त्या माझ्याकडे बघायला लागल्या. “तुमची कुटाय?”

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मी घरात जाऊन पिशवी आणली. पाळण्याएवढी गोधडी, भिंतीवर पसरली. आक्कांनी रंग बघितले, मान डोलावली, हात फिरवला आणि हात मधल्या भागात थांबला. तिथे एक फुगा होता. शिळ्या पुरीसारखा.

“ह्ये काय?”

“ताईंनी सांगितलं होतं मधून बाहेर शिवत जा, सुरकुती कडेला जाते. मला आमची आजी काठाकडून आत यायची ते आठवलं. म्हणून मी निम्मी मधून शिवली आणि निम्मी काठाकडून.”

“आन् वारा मधी कोंडला!” आक्का भिंत धरून हसल्या. “छत्तीस वर्सं गनित शिकवलं तुमी!”

हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, “आन् ह्या चिंध्या? सगळी नवी कापडं दिसत्यात. तीनच रंगांची.”

“दुसऱ्या दिवशीचा नियम तो. तीनच रंग, फक्त पट्ट्या, आणि एकही चार बोटांपेक्षा रुंद नाही. ताई म्हणाल्या, सगळं मोकळं ठेवलं की हात अडतो. थोडी अडचण घातली की डोकं चालतं.”

“म्हंजी पैसं दिऊन टंचाई इकत घेतली म्हना की.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. आमच्या वर्गातल्या सगळ्या म्हणत होत्या, काय सुंदर, काय मोकळं. आक्का तसं काही म्हणाल्या नाहीत. “लई जड आसती वाकळ. नदीला धुवायला दोघी लागायच्या, पिळताना खांदं भरून यायचं. सूनबाईनं ब्लँकेट आनलं तवा मी म्हनलं, सुटले. आयला कुनी म्हनलं असतं दोन नवी लुगडी देतो, वाकळ शिवू नगंस, तर तिनं सुई टाकून दिली असती.” थोड्या वेळाने त्यांनीच भर घातली, “पर इरकलीच्या काठाला जागा घावली की दिसभर खूस असायची.”

मी विचारलं, “मापाशिवाय इतकं नीट कसं यायचं त्यांना?”

“मापाशिवाय? माप न्हाई कोन म्हनलं?” आक्कांनी डावा पंजा ताणून भिंतीवर ठेवला. “ही वीत. ही चार बोटं. हा हात. पोरगं झोपलं की त्याच्या अंगावरनं वीत टाकायची, आन् दोन वीत जास्त धरायचं, वाढतंय म्हनून. तुमची फूटपट्टी पोराला मोजती व्हय?”

मी माझा पंजा त्यांच्या शेजारी ठेवला. माझी वीत बोटभर कमी भरली. खडूची बोटं आणि खुरप्याची बोटं.

“आता ह्या फुग्याचं काय?” मी विचारलं. “उसवू?”

“उसवायचं न्हाई म्हनली न्हवं तुमची ताई? मग झालं. हितं चुनी घ्यायची, दाबायची, आन् वरनं ठिगाळ मारायचं. तांबडं. असं की बघनाऱ्याला वाटावं हितंच लावायचं हुतं.” त्यांनी सांडगे-पापडांच्या हाताने फुगा मुडपला, दोन बोटांत चुणी धरली. “पर हे नवं कापड आयकत न्हाई. वर उचलतंय. दाबायला कायतरी द्या. लाटनं न्हाई, धारंचं.”

पिशवीत हात घातला तर फूटपट्टी लागली. ताईंनी निघताना परत दिली होती. आक्कांनी ती घेतली, उभी धरली आणि तिच्या कडेने चुणीवरून दोनदा रेटून नेली. चुणी सपाट बसली. एक इंचाच्या खुणेला थोडा तांबडा धागा अडकला.

आतून सूनबाईंची हाक आली. दूध उतू गेलं होतं. आक्कांनी शेंगा ओच्यात घेतल्या, माझी गोधडी खांद्यावर टाकली आणि पट्टी काखेत मारली.

“आक्का, पट्टी!”

“ऱ्हाऊ द्या माझ्याकडं,” त्या वळून म्हणाल्या. “शिवन दाबायला बरी हाय.”