चाकरमान्यांसाठी कलमशास्त्र: इयत्ता पहिली

मे महिन्यात गावी येऊन दुपारी आंबे चापले की संध्याकाळी चाकरमान्याला बाग लावायची हुक्की येते. मुंबईची गाडी पकडली की ती बहुधा उतरते. ज्यांची उतरत नाही, त्यांच्यासाठी पुढील सूचना.

1. जागा: आधी सातबारा काढा आणि त्यावरची नावं मोजा. सगळ्या चुलत्यांना विचारा. ‘लाव की, कोण नको म्हणतंय?’ हा होकार नव्हे, हे ध्यानात ठेवा. दोन कलमांत 10 मीटर अंतर सोडा. आज ते उधळपट्टी वाटेल. पण जवळ लावलेली कलमं मोठी झाली की उन्हासाठी भांडतात, आणि घरात एक भाऊबंदकी पुरेशी असते.

2. खड्डा: लांबी, रुंदी, खोली, प्रत्येकी 1 मीटर. काम आत्ताच, भर उन्हात. कातळावर पहार आपटली की हात झिणझिणतात आणि वीतभर खोलीवर ‘एवढं पुरे’ असा साक्षात्कार होतो. मुळांना तो होत नाही. वरची माती वेगळी काढून ठेवा. खड्डा 15 दिवस तापू द्या. जमिनीतली कीड-बुरशी कमी होते. येणारे-जाणारे ‘टाकी बांधतोस काय रे?’ असं विचारतील. हो म्हणा, वेळ वाचतो.

3. भरणी: वरची माती आणि शेणखत मिसळून खड्डा भरा. शेणखत चांगलं कुजलेलं हवं. ताजं शेण घातलंत, तर बाग वाळवीची होईल. पावसात माती खाली बसते, म्हणून थोडा उंचवटा ठेवा.

4. खरेदी: सगळी कलमं हापूसचीच घेऊ नका. परागीभवन नीट व्हावं म्हणून मधूनमधून केसर किंवा रत्ना लावा. रत्ना ही नीलम आणि हापूसच्या संकरातून वेंगुर्ल्यात तयार झालेली जात. हे देवगडात किंवा रत्नागिरीत बोलताना आवाज खाली ठेवा.

5. लावणी: वळवाच्या एका सरीला भुलू नका, मृगाचा पाऊस स्थिरावू द्या. तोवर तुम्ही लोकलमध्ये लोंबकळत असाल, म्हणून ही सूचना गावातल्या वहिनींना वाचून दाखवा. पिशवी फाडून पूर्ण काढावी, मुळांभोवतीचा मातीचा गड्डा फुटू देऊ नये आणि कलमाचा जोड जमिनीच्या वर राहावा. जोडाखालून फुटलेला धुमारा लगेच खुडावा. तो रायवळाचा असतो. फार जोमानं वाढतो, म्हणून मुंबईकर त्याचेच फोटो मागवतो. त्याला वाढू दिलंत, तर वर बांधलेला हापूस मागे पडतो.

6. निगा: पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं. व्हिडिओ कॉलवरून पाणी जात नाही. सुरुवातीच्या वर्षांत आलेला मोहर खुडून टाका. आधी खोड जोर धरू दे. पहिली नावाजण्याजोगी फळं यायला पाच-सहा वर्षं लागतात. तोवर सातबाऱ्यावर दोन-चार नावं वाढलेली असतात, त्यामुळे वाटणीचं गणित आत्ताच करून ठेवा.

वाचून झालं असेल तर उठा. पहार पडवीच्या कोपऱ्यात असते. तिथे नसेल, तर शेजारच्या काकांकडे आहे. गेल्या मे महिन्यात त्यांनाही बाग लावायची होती.